औट्रम घाटातला औट्रम कोण, ते एकदा नीट लिहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो. जागा नसेल तर कापा, पण भिल्ल पलटणीचा भाग तेवढा ठेवा, त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात कन्नड घाटातल्या बोगद्याची बातमी होती (बातमी दरवर्षी येते, बोगदा काही येत नाही), त्यात घाटाचं नाव औट्रम घाट असं छापलं होतं आणि मग दोन दिवसांनी वाचकांच्या पत्रांत दोघं भांडले. एक म्हणाले हे गुलामीचं नाव पुसून टाका, दुसरे म्हणाले अहो पुसताय काय, तो भिल्लांचा तारणहार होता, खान्देशात शांतता त्यानेच आणली. मी दोन्ही पत्रं दुकानात बसून वाचली. माझं चाळीसगावला टायरचं दुकान आहे, घाटाने आम्हाला आयुष्यभर पोसलं असं म्हटलं तरी चालेल, आणि २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने अवजड वाहनांना घाट बंद केल्यापासून मला वाचायला टाइम भरपूर मिळतो. जुनी गॅझेटियरं (इंग्रजांनी छापलेली जिल्ह्यांच्या माहितीची पुस्तकं) आता फोनवर मिळतात, औट्रमचं इंग्रजीतलं चरित्रही मिळतं, ते मी गिऱ्हाइक नसताना थोडंथोडं करून वाचलंय. तेवढीच माझी पात्रता, मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही.

आणि खरं सांगायचं तर हा नाद लागला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, घाटात दरडी कोसळल्या तेव्हा. आम्ही कन्नडहून परत येत होतो, रात्रभर गाडीत अडकलो, वर पाऊस, पुढे चिखल, फोनला रेंज नाही आणि पोरगा मागच्या सीटवरून विचारतो, पप्पा हा औट्रम कोण? मी म्हटलं असेल कुणीतरी इंग्रज इंजिनिअर, रस्ता बांधला असेल. चूक! इंजिनिअर त्याचा बाप होता. बेंजामिन औट्रम, इंग्लंडात लोखंडी रुळांवरून घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचे मार्ग बांधायचा, ट्राम हा शब्द त्याच्या आडनावावरून आला अशी एक थाप तिकडे प्रसिद्ध आहे (थापच आहे, शब्द आधीपासूनचा). तो बाप १८०५ मध्ये वारला, पोरगा जेम्स तेव्हा दोन वर्षांचा, आईने मुलांना घेऊन स्कॉटलंडात ॲबरडीनला ओढगस्तीत दिवस काढले. मग अशा घरातल्या पोरांचं तेव्हा जे व्हायचं तेच झालं, ओळखीपाळखीने कंपनी सरकारच्या फौजेत चिकटवलं आणि १८१९ मध्ये सोळा वर्षांचा जेम्स मुंबईला उतरला. शरीराने लहानखुरा होता म्हणे.

आता १८१९ म्हणजे आपल्याकडे काय चाललं होतं बघा. पेशवाई आदल्या वर्षीच बुडालेली. खान्देश इंग्रजांच्या हातात आला तो पार उजाड होऊन, होळकरांच्या स्वाऱ्या झाल्या, १८०३-०४ चा दुष्काळ झाला, पेंढाऱ्यांनी लुटलं, गावंच्या गावं ओस. आणि डोंगरात भिल्ल. इंग्रजी कागदांत भिल्ल म्हणजे लुटारू असंच सगळीकडे येतं, पण हेच भिल्ल आधी गावाचे जागल्ये होते, रात्रीची राखण त्यांच्याकडे, वाटांवरचे त्यांचे हक्क ठरलेले. राज्य मोडलं, हक्क बुडाले, पोट कुणाचं थांबतं का? आणि इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, ती आपल्याला आवडणार नाही. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत कोपरगावला, आमच्या चाळीसगावला, धरणगावला सरकारी अंमलदारांनी भिल्लांना बोलावून, फसवून मारलंय. गॅझेटियरमध्ये आहे ते. इंग्रज यायच्या आधीचं आहे, आपल्याच माणसांनी केलेलं आहे. तेव्हा "सगळं इंग्रजांनी बिघडवलं" म्हणणाऱ्या पत्रलेखकांनी हेही वाचावं.

इंग्रजांनी पहिली सहा-सात वर्षं तोच मार्ग चालवला. ब्रिग्ज नावाचा कॅप्टन खान्देशात पहिला साहेब म्हणून आला, त्याने डोंगरांच्या तोंडाशी चौक्या बसवल्या, धान्य तोडलं, नाईकांना, म्हणजे भिल्लांच्या म्होरक्यांना पकडलं, चिल नाईकाला फाशी दिलं, शरण आले त्यांना पेन्शन लावली. एक टोळी मोडली की दुसरी उभी. शिपाई जंगलात गेले की तापाने आडवे व्हायचे, भिल्लांच्या बाणांपेक्षा मलेरियानेच पलटणी जास्त झिजवल्या. शेवटी मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या डोक्यात आलं की याच लोकांना पगारावर घ्या, काट्याने काटा काढा.

औट्रम तोवर लेफ्टनंट झाला होता. १८२४ च्या शेवटी कित्तूरला राणी चन्नम्मांच्या बंडाच्या वेळी स्वतःहून मागून गेला होता, आणि १८२५ मध्ये बागलाणात आठशेच्या आसपास माणसं साताऱ्याच्या छत्रपतींचं निशाण लावून एका डोंगरी किल्ल्यावर चढून बसली तेव्हा याने मालेगावहून रात्रीतून माणसं नेली आणि पहाटे तो डोंगर मोकळा केला. त्या बंडाच्या मागे गोडाजी डेंगळे, म्हणजे पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांचा नातलग. असा धडाकेबाज पोरगा, वय बावीस, त्यालाच मग भिल्लांची पलटण उभी करायचं काम मिळालं.

ते त्याने कसं केलं हे वाचण्यासारखं आहे. आधी त्याने हल्लाच केला. डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन माणसं पकडली, मग त्या पकडलेल्यांच्या मार्फत नाईकांना निरोप धाडले, आणि मग एकटा, पहारा न घेता, त्यांच्यात जाऊन राहिला. तो स्वतःच लिहितो की ब्रँडी पाजून पाजून त्यांची मनं जिंकली आणि बिनपहाऱ्याचा राहून विश्वास मिळवला, शेवटी पाच जण तयार झाले. पाच! त्या पाचांवरून वाढत वाढत दोन-तीन वर्षांत काही शे माणसांची पलटण झाली, मुख्य ठाणं धरणगावला. आता विचार करा, ज्या धरणगावात वीस वर्षांपूर्वी बोलावून मारलं होतं तिथेच परत सरकार बोलावतंय, रांगेत उभे राहा म्हणतंय. भरतीच्या दिवसांत भिल्लांमध्ये अफवा उठायच्या की हे सगळे आपल्याला एकत्र करून कापणार आहेत, त्याला भोळसटपणा कोण म्हणेल, त्यांना अनुभव होता. औट्रम त्यांच्यातच झोपायचा. ही हिंमत मी नाकारत नाही, पगार घेऊन कुणी झोपेल का असा?

आणखी एक प्रसंग आहे. १८२७ मध्ये ही नवी पलटण मालेगावला गेली, तिथे औट्रमची जुनी तेवीस नंबरची पलटण होती, तिच्यात वरच्या जातीचे शिपाई खूप, त्यांनी भिल्लांना बरोबरीने वागवलं, पानसुपारी केली. इंग्रज चरित्रकार याचं फार कौतुक करतो. मला मात्र वाचताना त्या भिल्ल शिपायाचं तोंड डोळ्यापुढे आलं, ज्याला त्याच्या बापजाद्यांच्या गावात कधी कुणी पान दिलं नसेल आणि आता अंगावर सरकारी कपडा आला म्हणून मिळतंय. तेवढ्यासाठी माणूस बंदूक धरेल की नाही? मी धरली असती.

पलटणीच्या जोडीला तीन भिल्ल एजन्सी काढल्या, एक कुकरमुंड्याला, एक कन्नडकडे सातमाळ्यात, तिथे ओव्हन्स नावाचा कॅप्टन होता (हा पुढे परत येणार आहे), त्यांच्याकडून शेतीसाठी जमीन, बियाणं, तगाई (सरकारी कर्ज) असं वाटप. हे सगळं मिळून दहा वर्षांत खान्देश बराच शांत झाला हे खरंच आहे. दुसऱ्या पत्रलेखकांनी लिहिलं ते इथपर्यंत बरोबर. पण त्यांनी पुस्तक इथेच मिटलं.

औट्रमने याच पलटणीला घेऊन १८३० मध्ये डांगवर स्वारी केली. म्हणजे भिल्लांकडून भिल्लांचाच मुलूख घेतला. तिकडचे राजे शरण आणले. आणि पुढे १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक सातपुड्यात उठले तेव्हा औट्रम इथे नव्हता, पण त्याने उभी केलेली पलटण होती, आणि ती सरकारच्या बाजूने त्यांच्यावर धाडली गेली. हा खाज्या नाईक पण आधी सरकारचाच नोकर, सेंधव्याच्या घाटाची राखण त्याच्याकडे होती! एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला लढाई झाली, भिल्ल बायकांनाही कैद करून नेलं, पकडलेल्या पुरुषांना गोळ्या घातल्या. आपल्याकडे म्हणतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांड्याला दोष देऊ नका, झाड तोडून दांडा ज्याने बनवला त्याला विचारा, असं माझं म्हणणं.

शिकारीचं राहिलंच. १८२५ ते १८३४ या काळात हा माणूस ज्या शिकारींना हजर होता त्यात १९१ वाघ मेले अशी नोंद चरित्रात आहे. एकशे एक्क्याण्णव! शिवाय पंचवीस अस्वलं. याने भिल्लांमध्ये त्याचा दरारा वाढला असं लिहिलंय, वाढला असेलही. पण गंमत अशी की आपल्याकडे १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं त्याचं सरकारी नावच "गौताळा औट्रमघाट अभयारण्य". वन्यप्राण्यांच्या अभयारण्याला वाघ मारणाऱ्याचं नाव, आणि अभयारण्यात वाघ उरलाच नव्हता. २०२१ मध्ये टिपेश्वरकडून एक वाघ चालत चालत गौताळ्यात आला तेव्हा आमच्या गावात केवढा आनंद झाला होता. त्याला बिचाऱ्याला पाटी वाचता येत नाही ते बरं.

खान्देशानंतरचं त्याचं करिअर मी भराभर सांगतो, कारण आपल्या मुलखाचा त्याचा संबंध मध्येमध्ये परत येतो. १८३५ पासून गुजरातेत महीकांठा, मग १८३८ ला अफगाणिस्तानची स्वारी, गझनी, कलात. कलात पडल्यावर हा अफगाण वेष करून बलुचिस्तानातून समुद्रापर्यंत, सोनमियानीपर्यंत घोड्यावर आला, साडेतीनशे मैल, आठ दिवसांच्या आत, कुठली वाट सैन्याला चालेल ते बघायला. पिक्चरमध्ये शोभेल असं. मग सिंधमध्ये पोलिटिकल एजंट.

सिंधपासून त्याच्या आयुष्यात जे सुरू झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथल्या अमीरांशी, म्हणजे राज्यकर्त्यांशी, त्याचे बरे संबंध होते. वरून जनरल चार्ल्स नेपियर आला, त्याला सिंध गिळायचाच होता. आधी दोघांची दोस्ती एवढी की नोव्हेंबर १८४२ मध्ये सख्खरच्या जेवणात नेपियरने याला "हिंदुस्थानचा बेयार्ड" म्हटलं, बेयार्ड म्हणजे फ्रान्सचा एक जुना सरदार, निर्भय आणि निष्कलंक म्हणून नावाजलेला. चार महिन्यांच्या आत दोघं एकमेकांचं तोंड बघेनात. औट्रमचं म्हणणं अमीरांवर अन्याय होतोय. बोलणी करायला तोच गेला होता, १५ फेब्रुवारी १८४३ ला सिंधमधल्या हैदराबादच्या रेसिडेन्सीवर (इंग्रज वकिलाच्या कोठीवर) हजारो बलुच्यांनी हल्ला केला, त्याने काही तास तोंड दिलं आणि नदीतल्या बोटींवरून निसटला, दोन दिवसांनी मियानीची लढाई, सिंध गेला. लुटीचा त्याचा वाटा तीन हजार पौंड आला, तो त्याने घेतला नाही, धर्मादायाला देऊन टाकला. नेपियरला त्याच्या कितीतरी पट मिळाले, त्याने काही परत केल्याचं ऐकिवात नाही. मग दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांवर पुस्तकं छापली.

म्हणजे बघा, प्रामाणिक माणूस. पण आपल्याला काय अनुभव? १८४४ मध्ये हाच माणूस कोल्हापूरला येतो. तिथे गडकऱ्यांचा (किल्ल्यांवरच्या पिढीजात शिपायांचा) उठाव झालेला, इंग्रजांनी बसवलेल्या कारभाऱ्याने गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींना हात घातला म्हणून सामानगड, भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. म्हणजे परत तीच गोष्ट, हक्क बुडाले म्हणून माणसं उठली, भिल्लांसारखंच. इथे मात्र साहेबाला अन्याय दिसल्याचं कुठे वाचलं नाही. सामानगड पडला, डिसेंबरच्या एक तारखेला पन्हाळा तोफांनी फोडला. त्या पन्हाळ्यावर गडकऱ्यांनी कुणाला कोंडून ठेवलं होतं माहितीये? त्याच ओव्हन्सला, कन्नडच्या भिल्ल एजन्सीवाल्याला! तो आता कर्नल आणि साताऱ्याचा रेसिडेंट झाला होता, छत्रपती प्रतापसिंहांना १८३९ मध्ये गादीवरून काढलं त्या प्रकरणातला हा. मग औट्रम सावंतवाडीकडे वळला, मनोहरगड, मनसंतोषगड घेतले, फोंड सावंत आणि त्यांची माणसं गोव्यात उतरली, पोर्तुगीजांनी त्यांना आसरा दिला त्यावरून इंग्रज आणि गोवा सरकारात बरीच कागदं झाली. आणि १८४५ मध्ये ओव्हन्सच्या जागी साताऱ्याचा रेसिडेंट कोण, तर औट्रम. दोन वर्षांनी बडोदा.

बडोद्याचा भाग तुमच्या वाचकांना आवडेल. गायकवाडांच्या दरबारात आणि मुंबई सरकारच्या कचेऱ्यांत पैसे चारून कामं करून घ्यायचं एक जाळं होतं, आणि त्याला बडोद्यात शब्द होता "खटपट". आपण हल्ली खटपट म्हणजे धडपड, मेहनत म्हणतो, खटपट्या माणूस म्हणून कौतुकही करतो, पण तिथे खटपट म्हणजे मुंबईत साहेबाच्या टेबलाखालून काम काढणं. हरिभक्तींच्या पेढीतल्या जोइताबाई नावाच्या विधवेला बाबा नाफडे या कारभाऱ्याने कसं लुबाडलं, आणि रेसिडेन्सीतलाच नरसोपंत कसा त्यात सामील, हे औट्रमने खणून काढलं, नरसोपंताची नोकरी घालवली, आणि १८५१ मध्ये भलामोठा रिपोर्ट लिहिला की ही खटपट मुंबईपर्यंत पोचलेली आहे. झालं, मुंबई सरकारला झोंबलं, याचीच उचलबांगडी! आजही भ्रष्टाचार उघड करणाऱ्याचीच बदली होते, आमच्या तालुक्यात एक तहसीलदार असे गेलेत, नाव काढत नाही. पण पुढे लंडनला ते सगळे कागद पार्लमेंटपुढे छापले गेले आणि आपला मराठी "खटपट" शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये लंडनच्या सरकारी छापखान्यातून बाहेर पडला. गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये त्याला परत बडोद्याला मानाने बसवलं, थोडे दिवस एडनला धाडलं, आणि मग वर्षाच्या शेवटी लखनौ.

लखनौला त्याने काय केलं? डलहौसीला अवध पाहिजे होतं. औट्रमला रिपोर्ट मागितला, त्याने आधीच्या रेसिडेंटचे कागद धरून लिहिलं की कारभार वाईट आहे. सिंधच्या वेळी अन्याय अन्याय म्हणणारा हाच माणूस ४ फेब्रुवारी १८५६ ला वाजिद अली शाहच्या समोर तहाचा कागद घेऊन उभा राहिला. नवाबाने पगडी काढून त्याच्या हातात ठेवली आणि म्हटलं आता सही कशाला पाहिजे. सही केली नाही. तीन दिवसांनी राज्य खालसा. औट्रमला सर ही पदवी मिळाली.

पुढच्या वर्षी इराणवर स्वारी, खुशाबची लढाई, तिथून घाईघाईने परत कारण इकडे सत्तावन्न पेटलेलं. लखनौला अडकलेल्या इंग्रजांना सोडवायला हॅवलॉक नावाचा जनरल निघाला होता, औट्रम त्याच्या वरचा, पण कानपुरात त्याने हुकूम काढला की लखनौ सोडवेपर्यंत सेनापती हॅवलॉकच, मी त्याच्या हाताखाली स्वयंसेवक. इंग्रज लोक या गोष्टीवर आजही फिदा आहेत. हातात तलवारीऐवजी जाड काठी घेऊन घोड्यावर लढला म्हणे, २५ सप्टेंबरला आत शिरताना हाताला गोळी लागली. मग आलमबागेत साडेतीन-चार महिने तळ धरून राहिला, मार्च १८५८ मध्ये लखनौ घेतलं. आणि तेव्हा परत तेच! तेव्हाचा गव्हर्नर जनरल कॅनिंगने अवधच्या तालुकदारांच्या (मोठ्या जमीनदारांच्या) जमिनी जप्त करायचा जाहीरनामा काढला तर औट्रमने लिहिलं की हे चूक आहे, याने लोक आणखी पेटतील. लिहिलं बरोबर. पण ज्या अवधची आग तो विझवत होता त्यात दोन वर्षांपूर्वी तेल ओतणारा हात कुणाचा, हे त्याने कुठल्या पत्रात लिहिलंय का, मला सापडलं नाही.

म्हणून मी म्हणतो दोन्ही पत्रलेखक चुकले. हा माणूस कसाई नव्हता आणि तारणहार तर मुळीच नव्हता. आयुष्यभर हरकतीची पत्रं लिहायची आणि मग हुकूम तामील करायचा, असा हा माणूस. पत्रं दफ्तरात राहिली, राज्यं गेली. पैशाला हात न लावणारा, सहकाऱ्याला मान देणारा, शिपायांत झोपणारा, सगळं मान्य, पण असली माणसं कंपनीला जास्तच उपयोगी पडली असं माझं मत आहे, कारण नेपियरला बघून लोक सावध होतात, औट्रमवर विश्वास ठेवतात. आमच्या सातमाळ्यातल्या त्या पहिल्या पाच भिल्लांनी ठेवला होता.

१८६० मध्ये तो परत गेला, ११ मार्च १८६३ ला फ्रान्समध्ये पो या गावी वारला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरलाय, दगडावर ते बेयार्डचं बिरुद कोरलेलं आहे. कलकत्त्याला त्याचा घोड्यावरचा मोठा पुतळा आहे, आता व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत. ॲबेतल्या त्याच्या स्मारकाचा फोटो मी बघितला, वर त्याचा अर्धपुतळा, आणि दोन्ही बाजूंना दोन माणसं कोरलीत, एक सिंधी सरदार आणि एक भिल्ल. संगमरवरी भिल्ल! लंडनमध्ये राजाराण्यांच्या कबरींच्या शेजारी आमच्या खान्देशचा एक भिल्ल दीडशे वर्षांहून जास्त काळ साहेबासाठी शोक करत बसलाय, आणि इथे घाटात, जिथे त्याची माणसं राहिली, लढली, भरती झाली, मेली, तिथे भिल्लांच्या नावाचा एक साधा बोर्ड नाही.

तर संपादकसाहेब, माझी मागणी छोटी आहे. नाव बदलायचं तर बदला, राहू द्यायचं तर राहू द्या, आम्ही तसंही कन्नड घाटच म्हणतो. पण बोगदा होईल तेव्हा होईल, त्याआधी घाटाच्या माथ्यावर, गाड्या थांबतात, लोक सेल्फी काढतात तिथे, बांधकाम खात्याने नाहीतर वन खात्याने एक नीट पाटी लावावी. त्यावर औट्रमची ब्रँडी पण येऊ द्या आणि तीन हजार पौंड पण, डांगची स्वारी पण आणि १९१ वाघ पण. धरणगावची पलटण येऊ द्या, चिल नाईक, खाज्या नाईक, भीमा नाईक यांची नावं त्याच्या नावाएवढ्याच अक्षरांत येऊ द्या, आणि पेशवाईतल्या आपल्या अंमलदारांनी काय केलं तेही वगळू नका. मजकूर मराठीत हवा, आणि खाली अहिराणीत आणि भिलोरीत पण, इथून जाणाऱ्या निम्म्या लोकांची घरची भाषा ती आहे. पाटीचा खर्च फार होत असेल तर आम्ही चाळीसगावचे दुकानदार वर्गणी काढू, मी पहिली पावती फाडतो.

माझा पोरगा आता कॉलेजला आहे, परवा घाटातून जाताना त्याला हे सगळं सांगत होतो, तो म्हणाला पप्पा पाटीवर एवढं मावणार नाही. मी म्हटलं ट्रॅफिक जाममध्ये लोकांना वाचायला टाइम असतो.

कळावे,
आपला जुना वाचक
(टायरवाला), चाळीसगाव